मदत हवी आहे: चार आण्यावर कोरताना कोरणीचं टोक उडतं

नमस्कार मंडळी. २०११ मध्ये चलनातून गेलेल्या २५ पैशांवर (तांबं-निकेल, १९ मिमी, २.५ ग्रॅम) नाण्यावरच्या सिंहाच्या आयाळीचा कोरून फेटा करतोय. चांदीच्या रुपयावर हीच चौकोनी कोरणी सरळ चालते. इथे डोळ्याच्या कोपऱ्यात वळवली की टोक उडतं. कोरणीच्या तोंडाचा कोन ४५ अंश आहे. ५५ केला तर टिकेल, पण रेघ जाड येईल का?

दुसरं, कोरताना नाणं ज्यात बसवतो ती राळ. आपल्याकडच्या उन्हात दुपारी ती नरम होऊन राहिली, नाणं सरकतं. विटेची भुकटी किती मिसळता? जास्त झाली की पकडच जाते. पहाटे कोरा म्हणू नका, तेवढं कळतं!

शेवटी रेघा काळ्या करायला गंधकाचं द्रावण या धातूवर नीट धरत नाही. काय वापरता?