काडीपैलवानांनो, तुमच्या मिक्सरच्या कहाण्या सांगा (वजन वाढवायचे शेक)

सावदेकर
काल भाचा आला हॉस्टेलवरून. वय १९, उंची पावणेसहा फूट, वजन ४९. आल्या आल्या बॅगेतून बादलीएवढा डबा काढला, वर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. म्हणे मामा, हे रोज दुधातून घ्यायचं, महिन्यात पाच किलो. किंमत ऐकली आणि खाली बसलो. समोर फ्रीजवर अर्धा डझन केळी काळी पडत आलेली, कोणी हात लावत नव्हतं. ती बघून एकदम १९९४ चा पावसाळा आठवला.

अकरावीत होतो, वजन ४१. कबड्डीच्या संघात मला पाणी द्यायला ठेवत. आजीने ते फार मनाला लावून घेतलं. आमच्या रावेर-सावदा भागात केळ्यांना तोटा नाही, कोणाच्या ना कोणाच्या मळ्यातून फण्या घरी यायच्याच. रोज सकाळी सहाला दोन केळी, सालीवर ठिपके आलेली, रात्री भिजवलेल्या चार खारका, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा आणि म्हशीचं दूध सायीसकट. वरून चमचाभर तूप. खारका आमच्या मिक्सरला झेपत नसत, तळाशी चामड्यासारखे तुकडे उरत, ते चमच्याने खायचे. लाईट गेले (आणि जायचेच) की आजी सगळं पातेल्यात घेऊन रवीने घुसळायची. ग्लास पितळी, अर्ध्या लिटरचा. ती समोर पाटावर बसायची आणि ग्लास उपडा करून दाखवल्याशिवाय उठायची नाही.

दिवाळीपर्यंत ४५ झालो. संघात तरीही घेतलं नाही, तो भाग वेगळा.

तुमच्याकडे काय काय फिरवलंत? लिहा.

कैरीची डाळ
शेंगदाणे कच्चे की भाजलेले?

मधला मुलगा
आमच्याकडे आंब्याचा शेक होता. मे महिना संपला की केळ्याचा. आई ग्लास हातात देऊन पोळ्या लाटायला वळली की मी तो खिडकीतून गच्चीवर बसलेल्या धाकट्या बहिणीला द्यायचो. तीन महिन्यांनी आई डॉक्टरांना म्हणाली, याला काहीच लागत नाही हो, आणि ही मात्र नुसत्या वरणभातावर बघा कशी फुगलीये.
बहिणीने अजून सांगितलेलं नाही. ती आता ४४ वर्षांची आहे.

तुळशीबागवाली
@मधला मुलगा, मेले हसून. बस चुकली माझी.

सुस्त_अजगर
माझं घ्या हो कोणीतरी. ९२ आहे. फुकट देतो, घरपोच.

चिकूची बी
केळी केळी काय लावलंय. माझं माहेर बोर्डीचं, आमच्याकडे चिकू. लेक दुसरीत होता, बरगड्या मोजाव्यात असा. तीन चिकू, दूध, दोन चमचे ओलं खोबरं, साखर अजिबात नाही, चिकूच एवढा गोड असतो. बिया मोजून काढायच्या बरं का. चिकूच्या बीला टोकाशी बारीक आकडा असतो, घशात अडकला तर वाट लागते. आणि फळ नीट पिकू द्या. वरून मऊ लागतो पण देठापाशी कडक असेल तर चीक उतरतो, मग अख्खा जार तुरट, जीभ जड. मी एकदा घाई केली होती, पाहुण्यांना प्यायला लावला आणि ते बिचारे छान आहे म्हणाले.
लेकाला मी तो चॉकलेट शेक म्हणून द्यायचे. रंग तसाच दिसतो. आठवीत मित्राच्या घरी खरा चॉकलेट शेक प्यायला आणि घरी येऊन माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. वजनाचं विचाराल तर वजन नाही वाढलं, उंची वाढली.

सावदेकर
@चिकूची बी, ताई, केळ्याला बोलायचं काम नाही. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे.

चिकूची बी
घोलवडच्या चिकूलाही आहे. आणि दोघांना एकाच वर्षी मिळालंय, २०१६. बसा खाली.

ऑरेंज सिटी नाही
आमच्या अमरावतीकडे संत्री. त्यानं वजन वाढत नाही भाऊ, आणि दुधात टाकलं तर दूध फाटते. आमी कुठं जावं.

कडकलक्ष्मी
माझं कारण वेगळं होतं. ऑफिसात रक्तदान शिबिर. रांगेत उभी राहिले, फॉर्म भरला, काट्यावर चढले तर ४३. तिथल्या सिस्टरनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, बाई, तू आधी घरी जाऊन जेव. ४५ च्या खाली घेतच नाहीत. मागे सगळा विभाग उभा, खसखस पिकली. फुकटचं बिस्किट पण मिळालं नाही.
त्या दिवशी ठरवलं. दूध मला पचत नाही, पोटात ढोल वाजतात, म्हणून नारळाचा जाड रस वापरला. अर्ध्या नारळाचा पहिला रस, एका आंब्याचा गर, दोन खजूर, चिमूटभर वेलची. मीठ विसरू नका, कणभरच, पण त्याने आंबा वर येतो. ग्लास छोटाच ठेवा, फार जड पडतो. पहिल्या दिवशी मी भांडंभर प्याले आणि दुपारी मीटिंगमध्ये झोपले. बॉसने उठवलं. मग संध्याकाळी पाचला अर्धा आणि रात्री अर्धा असं केलं. आंबे संपल्यावर केळं.
पाच महिन्यांनी पुढचं शिबिर. त्याच सिस्टर. काटा ४६.२. खिशात काही आहे का म्हणून त्यांनी मला किल्ल्या आणि मोबाईल बाहेर काढायला लावले, तरी ४५.८! ३५० मिलीची पिशवी दिली. बिस्किटं दोन घेतली.

तुळशीबागवाली
@कडकलक्ष्मी, जिंकलंस गं. नारळाचा रस घरी काढतेस की पाकिटातला?

कडकलक्ष्मी
घरी. आठवड्यातून दोनदाच, बाकी दिवस पाकीट. एवढी सुगरण नाही मी.

नव्वद_रुपये_डझन
आता केळीपण परवडेनात. इथे हापूसची भाषा चाललीये.

पायरीप्रेमी
हापूस शेकमध्ये घालणं हा गुन्हा आहे. हापूस फोडी करून खायचा. शेकला पायरी. रस भरपूर आणि थोडी आंबूस, म्हणून जास्त गोड लागून मळमळत नाही. माझ्याकडून एवढंच.

रत्नागिरीकर
@पायरीप्रेमी, शेकला कलमाचे डागी हापूस वापरतो आम्ही. बाजारात जाणार नाहीत ते. तुम्ही पेटीतले पैसे देऊन घेतलेले मिक्सरात घालत असाल तर गुन्हाच आहे.

घामाघूम
जिमवाला बोलतोय, हिशेब देतो. दोन मध्यम केळी साधारण २०० कॅलरी. म्हशीचं दूध ३०० मिली, जवळपास ३००. शेंगदाणा बटर दोन मोठे चमचे, १९० च्या आसपास. चार साधे खजूर शंभरभर. मूठभर ओट्स दीडशे. झाले साडेनऊशेच्या जवळ. भाकऱ्या मोजा मग कळेल. रोजच्या जेवणावर ५०० कॅलरी जादा गेल्या तर आठवड्याच्या ३५००, आणि किलोमागे ७७०० धरतात, म्हणजे कागदावर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आत. महिन्यात पाच किलो सांगणारा डबा भाच्याच्या डोक्यात घाल म्हणावं.
आणि सगळ्यात मोठी चूक, जेवणाच्या आधी पिऊ नका. मी सहा महिने तेच केलं. शेकने पोट गच्च, मग जेवायला एकच पोळी. वजन जागच्या जागी. जेवल्यावर दोन तासांनी प्यायला लागलो तेव्हा काटा हलला. आणि सोबत व्यायाम करा, नाहीतर नुसतं पोट येतं. माझं आलं होतं. हातपाय काड्या आणि मध्ये मडकं.

मधला मुलगा
एवढा हिशेब आमचा सीए पण देत नाही.

कैरीची डाळ
अहो शेंगदाणे कच्चे की भाजलेले??

नवऱ्याला_कळू_नका
माझं नवीन लग्न, नवरा बारीक, सासूबाईंनी मला हळूच सांगितलं की काहीतरी कर. मी अननस आणला. ताजा. दूध, साखर, अननस फिरवून, झाकून फ्रीजमध्ये ठेवला, संध्याकाळी आला की देऊ म्हणून. त्याने एक घोट घेतला, माझ्याकडे बघितलं, दुसरा घेतला, संपवला. नंतर मी तळाचा चाखला तर कडू जहर! कडुलिंब परवडला. त्याला वाटलं मी कसला काढा दिला. अजूनही बाहेरून आला की ग्लास आधी हुंगतो.

प्रयोगशाळा
ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडू लागतात. जितका वेळ ठेवाल तितका कडू. पपईचंही तेच. अननस पाच-दहा मिनिटं शिजवून गार करून घातला की होत नाही, उष्णतेने विकर निकामी होतं. म्हणून डब्यातला अननस केकच्या क्रीममध्ये चालतो.

नवऱ्याला_कळू_नका
बारा वर्षं उशिरा सांगितलंत.

जुने वैद्य नाही पण
दूध आणि फळ एकत्र हा विरुद्धाहार आहे हे इथे कोणी बोलणारच नाही का? आमचे वैद्य केळं-दुधाला सक्त मनाई करतात. गोड पिकलेला आंबा तेवढा चालतो म्हणाले.

सावदेकर
म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिकरण खाणारे आम्ही सगळे विरुद्ध पक्षात.

तुळशीबागवाली
शिकरण आणि पोळी. बास. भूक लागली.

गॅलरीतली_खुर्ची
थोडं वेगळं लिहिते, वाचवत नसेल तर पुढे जा.
आई एकदम खंगायला लागली. वय ५८. चार महिन्यांत आठ किलो. सगळे म्हणाले दगदग, जेवत नाही नीट. म्हणून मी रोज मोठा ग्लास. आंबा, केळं, साखर, वर आइस्क्रीमचा गोळा. मे महिना होता, आंबे पेटीने आणलेले. ती आवडीने प्यायची, मला बरं वाटायचं. पण अजून खंगली. उशाशी तांब्या ठेवायची आणि रात्रीतून चार वेळा उठायची. मी म्हटलं, उन्हाळा आहे, तहान लागणारच. ब्लाउज सैल झाले म्हणून तिने बाह्या आत घेतल्या, तेव्हा मी बाजूला बसून आंबा चिरत होते.
शेवटी चक्कर आली तेव्हा नेलं. साखर ३८०. डॉक्टरांनी काय काय देता विचारलं, मी ग्लासचं सांगितलं, ते नुसतं हं म्हणाले.
आई ठीक आहे आता, औषधांवर आहे, पाच किलो परत मिळवले तेही डाळी-अंडी-भाकरीवर. पण कोणी आपोआप बारीक होत असेल तर मिक्सर काढायच्या आधी रक्त तपासा. साखर, थायरॉइड. खोकला असेल तर छातीचा फोटो. एवढंच सांगायचं होतं.

कडकलक्ष्मी
अगं. तुला कसं कळणार होतं. आईंना नमस्कार सांग.

चिकूची बी
माझ्या जावेचं थायरॉइड असंच निघालं होतं. आम्ही डिंकाचे लाडू देत होतो. तुझी चूक नाही त्यात.

घामाघूम
हे मीच वर लिहायला हवं होतं. धन्यवाद ताई.

गॅलरीतली_खुर्ची
आई विचारतेय धाग्यात आंब्याचं काय चाललंय. वाचून दाखवलं. म्हणाली पायरीवाला बरोबर बोलतोय.

पायरीप्रेमी
आईंना साष्टांग.

बर्फातली_मावशी
जर्मनीतून. इथे बाराही महिने आंब्याच्या रसाचा डबा, इंडियन दुकानात, ८५० ग्रॅमचा. एक सूचना, बहुतेक डब्यांत आधीच साखर असते, मागचं वाचून मग साखर घाला. मी न वाचता घातली होती, लेकीने प्यायला नकार दिला आणि मी स्वतः संपवला. चार दिवस. वजन माझं वाढलं. इथे अ‍ॅवोकाडो सहज मिळतो, अर्धा घातला की मस्त दाट होतं आणि चव लागत नाही. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, हे साबणासारखं काय आहे.

सकाळची_पाळी
मिक्सर कोणता वापरता सगळे? माझा सकाळी साडेपाचला लावला की खालच्या मजल्यावरचे काका काठीने छत ठोकतात. मी जारवर टॉवेल गुंडाळते. तरी ठोकतात. काल काकू वर आल्या, मला वाटलं भांडायला, तर म्हणे काय करतेस गं रोज, वास छान येतो. त्यांना अर्धा ग्लास दिला. आज काकांनी ठोकलं नाही.

सुस्त_अजगर
९२ चं कोणी विचारलं नाही अजून.

सावदेकर
भाचा आज गेला परत. काल रात्री एक ग्लास केला होता त्याच्यासाठी, आजीच्या मापाने. अर्धा प्यायला आणि म्हणाला मामा, याच्यात तुकडे येतात. म्हटलं खारका आहेत, चाव. चावल्या. जाताना डबा घेऊनच गेला, पण पाव किलो खारीकही मागून नेली. तिकडे मिक्सर नाही म्हणे, नुसतीच दुधात भिजवून खाईन.
पितळी ग्लास सापडला माळ्यावर. कल्हई उडालीये. इथे पुण्यात कल्हईवाला कुठे मिळेल कोणाला माहीत आहे का?

तुळशीबागवाली
रविवार पेठेत भांडेआळीत विचारून बघा.

सावदेकर
@कैरीची डाळ, माफ करा, तुमचं राहूनच गेलं. भाजलेले. सालं पाखडून.

कैरीची डाळ
आज सकाळी कच्चे घातले. असो.