विंडोज ११ : सीएसएम बंद केलं की हार्डडिस्कवरून मशीन सुरूच होत नाही

सिडको_नाशिक (प्रश्न)

घरच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ टाकायचं आहे, पण एका पायरीवर अडलंय. मशीन असं: असूसचा एच३१० मदरबोर्ड, आय थ्री ८१००, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्डडिस्क, विंडोज १० होम ६४ बिट, २२एच२. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

विंडोज ११ चालेल का हे तपासणाऱ्या पीसी हेल्थ चेकने दोन तक्रारी दाखवल्या होत्या: टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही आणि सिक्युअर बूट नाही. बायोसमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन, तिथे पीटीटी (इंटेलचं अंगभूत टीपीएम) एनेबल केलं. आता टीपीएम डॉट एमएससीमध्ये व्हर्जन २.० दिसतंय, तो विषय मिटला. पण सिक्युअर बूटसाठी बूट मेनूत सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारी सोय) डिसेबल केलं की विंडोज येतच नाही, मशीन फिरून बायोसमध्ये येऊन थांबतं. सीएसएम परत एनेबल केलं की विंडोज १० व्यवस्थित सुरू.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क ० वर चार भाग आहेत: सिस्टिम रिझर्व्हड, सी १५० जीबी, डी आणि ई. चारही भागांवर गडद निळी पट्टी. एमबीआरटूजीपीटी (डिस्कची जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीत बदलणारं विंडोजचं टूल) व्हॅलिडेट चालवलं तर 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड फॉर डिस्क ०' येतं.

याच मशीनवर वडिलांचं टॅली आहे, जीएसटीसाठी डिजिटल सिग्नेचरचं टोकन लागतं, सोसायटीची जुनी इतिवृत्तं सुरेख आणि श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत आणि एक जुना लेझर प्रिंटर आहे. डी आणि ई मिळून डेटा साधारण ३०० जीबी. एमजी रोडच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत विचारलं तर 'सगळं फॉरमॅट मारावं लागेल' एवढंच सांगतात. त्याशिवाय मार्ग आहे का?

गंगापूररोडकर

मार्ग आहे, आणि तुम्ही दिलेल्या माहितीतच कारण दिसतंय. तुमची डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. सीएसएम चालू असताना मदरबोर्ड जुन्या पद्धतीने डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि तिथून विंडोज सुरू होतं. सीएसएम बंद केलं की तो ईएफआय पार्टिशन (नव्या पद्धतीत विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा भाग) शोधतो. ते तुमच्या डिस्कवर नाहीच, म्हणून बायोसमध्ये परत येतो. डिस्क किंवा बोर्ड यांपैकी काहीही खराब नाही.

व्हॅलिडेशन का फेल होतंय तेही सरळ आहे. एमबीआरच्या तक्त्यात चारच प्रायमरी पार्टिशनची जागा असते. गडद निळी पट्टी म्हणजे प्रायमरी, आणि तुमच्या चारही जागा भरलेल्या आहेत. एमबीआरटूजीपीटीला ईएफआय पार्टिशनसाठी जागा हवी असते, त्यामुळे ते जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालवून घेतं. हिरव्या चौकटीतलं एक्स्टेंडेड आणि त्यातली फिकट निळी लॉजिकल पार्टिशन्स असतील तर तेही नाकारतं. म्हणजे ई रिकामं करून काढून टाकलं की गाडी पुढे जाईल.

तरीही माझं मत स्पष्ट आहे: त्या हार्डडिस्कला हातच लावू नका. २५० जीबीच्या आसपासची अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि विंडोज ११ तिच्यावर नव्याने टाका. फिरत्या हार्डडिस्कवर विंडोज ११ चालतं, पण लॉगिन झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये डिस्क बराच वेळ १०० टक्क्यांवर बसून राहते आणि माणूस वैतागतो. एवढी खटपट करून तेच पदरात पडणार असेल तर उपयोग काय? महागडी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेण्याचंही कारण नाही. एच३१० चिपसेटच्या स्वतःच्या लेन पीसीआय एक्सप्रेस २.० च्या आहेत, तिचा पुरा वेग तिथे मिळणार नाही. घेताना साटा डेटा केबल वेगळी मागून घ्या, एसएसडीच्या डब्यात ती बहुधा नसते. एसएमपीएसला (पॉवर सप्लायला) साटा पॉवरचं एक टोक मोकळं आहे का, तेही आधी बघा.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी डी आणि ई ची प्रत बाहेरच्या डिस्कवर. मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टला लावलीत तर ३०० जीबीला तासभर, काळ्या यूएसबी २ ला तीन तास धरा. बारीक बारीक फायली खूप असतील तर दोन्हीकडे जास्त. सी मधले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स विसरू नका, घरातल्या निम्म्या फायली तिथेच पडलेल्या असतात.

मग सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशन बघा. 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट आहे असं दिसलं तर नवीन की लागणार नाही, कारण ते लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश एक्सपीआर टाइप केल्यावर अमुक तारखेला मुदत संपेल असं आलं, तर विंडोज तात्पुरत्या जुगाडाने ॲक्टिव्हेट केलेलं आहे. मग लायसन्स विकत घ्यावं लागेल. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की आता चालत नाही, ती सोय मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली.

८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज ११ तयार करा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो. मशीन शिफ्ट दाबून शटडाउन करा. साधं शटडाउन केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट झोपेत राहतं आणि नंतर ते पार्टिशन दुसऱ्या विंडोजमधून उघडताना कुरकुर होते. आता जुन्या हार्डडिस्कची डेटा केबल काढून ठेवा, फक्त एसएसडी जोडा. ही पायरी टाळू नका: सेटअपच्या पडद्यावर एकच डिस्क दिसत असेल तर चुकीचं पार्टिशन पुसलं जाण्याची भीतीच राहत नाही.

सीएसएम डिसेबल, सिक्युअर बूटमध्ये ओएस टाइप 'विंडोज यूईएफआय मोड', सेव्ह. परत सुरू करताना एफ८ दाबून बूट मेनूतून पेनड्राइव्हची 'यूईएफआय' अक्षरांनी सुरू होणारी ओळ निवडा. की विचारली तर 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की', आणि एडिशन होमच निवडा. प्रो निवडलंत तर होमचं लायसन्स लागू होणार नाही. होम एडिशन सेटअपमध्येच नेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. वायफायचा डोंगल ओळखला नाही तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा, बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

सगळं झाल्यावर मशीन बंद करून हार्डडिस्क परत जोडा. डी आणि ई जशीच्या तशी दिसतील. बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या नंबरवर ठेवा. जुनं विंडोज १० हार्डडिस्कवर शाबूत असल्यामुळे काही अडलंच तर सीएसएम एनेबल करून एका रीस्टार्टमध्ये मागे जाता येतं.

पंचवटी४२२००३

वरचं निदान शंभर टक्के बरोबर. पण टॅली, टोकनचा ड्रायव्हर, जीएसटीचं सायनिंगचं सॉफ्टवेअर आणि जुने फॉन्ट हे सगळं पुन्हा उभं करायचं म्हणजे वडिलांचं काम दोन-तीन दिवस खोळंबणार. महिना अखेरीला किंवा रिटर्नच्या तारखेजवळ हे करूच नये. ज्यांना मांडलेलं घर मोडायचं नाही, त्यांच्यासाठी चालू विंडोजवरच अपग्रेडचा रस्ता असा.

ई ची प्रत घ्या, ती उघडून खात्री करा, मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ई डिलीट करा. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडा. एमबीआरटूजीपीटी, स्पेस, स्लॅश व्हॅलिडेट, स्पेस, स्लॅश अलाउफुलओएस. ते यशस्वी झालं की व्हॅलिडेटच्या जागी कन्व्हर्ट. मग विंडोज तसंच रीस्टार्ट करू नका, थेट बायोसमध्ये जाऊन सीएसएम डिसेबल करा. आता जुन्या पद्धतीने ती डिस्क सुरू होणार नाही, त्यामुळे बायोस न बदलता रीस्टार्ट केल्यावर 'विंडोज उडालं' असं वाटून लोक घाबरतात.

विंडोज १० वर आल्यावर एमएसइन्फो३२ उघडा, बायोस मोडपुढे यूईएफआय दिसलं पाहिजे. रीएजंटसी, स्पेस, स्लॅश इन्फो चालवा. रिकव्हरी डिसेबल्ड दिसली तर रीएजंटसी, स्लॅश एनेबल. मोकळ्या जागेत नवीन पार्टिशन करून त्याला परत ई हेच अक्षर द्या, म्हणजे टॅलीचा डेटा पाथ आणि शॉर्टकट तुटणार नाहीत.

मग विंडोज ११ ची आयएसओ फाइल डाउनलोड करून डबल क्लिक, सेटअप चालवा. सी वर किमान ३० जीबी मोकळी ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर पूर्ण अनइन्स्टॉल करा, नुसता बंद करून भागत नाही. प्रिंटर, टोकन, बाहेरची डिस्क सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर. सी१९००१०१ असलेला एरर कोड आला की तो बहुतेक वेळा ड्रायव्हरचाच असतो आणि या काढाकाढीनेच सुटतो. अपग्रेडनंतर १० दिवस सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून 'गो बॅक' करता येतं, नंतर विंडोज डॉट ओल्ड फोल्डर आपोआप पुसलं जातं. डिस्क क्लीनअपने ते त्याआधीच उडवलं तरी परतीचा रस्ता बंद.

विजेचं सांगतो. पावसाळ्याच्या तोंडावर दुपारी लाइट जाण्याचा भरवसा नसतो. कन्व्हर्ट चालू असताना वीज जाणं सर्वांत वाईट. यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर आधी प्लग काढून बघा, मशीन दहा मिनिटं टिकतं का ते. घरच्या इन्व्हर्टरवर काम करणार असाल तर त्याचं मागचं बटण 'यूपीएस' मोडवर हवं. दुसऱ्या मोडवर वीज बदलताना लागणारा क्षण डेस्कटॉपला पेलत नाही आणि तो रीस्टार्ट होतो.

अक्षरजुळणी

फॉन्टबद्दल लिहितो, कारण याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. सुरेख किंवा श्रीलिपीतल्या फाइलमध्ये खरी मराठी अक्षरं नसतात. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट ती मराठीसारखी दाखवतो. फॉन्ट गेला की इतिवृत्त उघडल्यावर नुसती खिचडी दिसते. डेटा शाबूत असतो, तेव्हा घाबरून फाइल सेव्ह करू नका.

नवीन विंडोज टाकण्याआधी फॉन्ट दोन ठिकाणांहून कॉपी करा. एक, सी मधल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स. दोन, वडिलांच्या युजर फोल्डरात ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून डबल क्लिकने टाकलेला फॉन्ट फक्त त्या युजरसाठी या दुसऱ्या जागी जातो आणि पहिल्या फोल्डरात शोधून सापडत नाही. ॲपडेटा हिडन असतं, व्ह्यूमधून दाखवायला लावा. विंडोज ११ वर टाकताना राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' घ्या.

दुसरी गंमत मंगलची. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये मराठीसाठी निर्मला यूआय असतो. मंगल, कोकिळा, उत्साह, अपराजिता हे ऑप्शनल फीचर आहेत. मंगलमध्ये केलेलं पत्र उघडलं आणि ओळी, पानं सरकलेली दिसली तर सेटिंग्ज, सिस्टिम, ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाका.

सिडको_नाशिक

फार उपयोगी. एसएसडीचाच रस्ता धरतो, फॉन्ट आज रात्रीच कॉपी करतो. दोन शंका उरल्या. टॅलीच्या लायसन्सचं काय? आणि दिंडोरीला भावाकडे चौथ्या पिढीचा आय फाइव्ह लॅपटॉप आहे, त्यावर द्राक्षांच्या फवारणीच्या नोंदी असतात. रूफस (पेनड्राइव्ह तयार करताना विंडोज ११ ची तपासणी वगळू देणारं टूल) वापरून त्यावर ११ टाकावं का?

गंगापूररोडकर

टॅली: जुन्या विंडोजमध्ये नेट चालू ठेवून लायसन्स सरेंडर करा आणि नवीनवर ॲक्टिव्हेट करा. कंपनीचा बॅकअप वेगळा घ्या, आणि 'सिलेक्ट कंपनी'च्या पडद्यावर दिसणारा डेटा पाथ लिहून ठेवा. सरेंडर करायचं राहिलंच तर जुनी डिस्क अजून सुरू होते, म्हणून तिच्यावरचं सी लगेच पुसू नका. टोकनमधलं सर्टिफिकेट टोकनच्या आतच असतं, फक्त त्याचा ड्रायव्हर आणि सायनिंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकायचं.

नव्याने टाकलेलं ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की पात्र मशीनवर ड्राइव्ह एन्क्रिप्शन आपोआप चालू होऊ शकतं. सेटिंग्जच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की खात्यातून काढून कागदावर छापून ठेवा. पुढे कधी बायोस अपडेट केलं किंवा पीटीटी बंद-चालू केलं तर पहिल्यांदा तीच मागितली जाते.

पंचवटी४२२००३

लॅपटॉपचं: इंटेलची आठवी पिढी ही अधिकृत सीमा आहे, चौथी बसत नाही. रूफसने तपासणी वगळून ११ चालेल, कारण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या एसएसई४.२ आणि पॉपकाउंट या सूचना त्या प्रोसेसरमध्ये आहेत. कोअर टू ड्युओ असता तर सुरूच झालं नसतं. पण अशा मशीनला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही आणि दरवर्षीची नवी आवृत्ती हाताने टाकत बसावं लागतं. दिंडोरीला दर वेळी कोण जाणार?

त्यापेक्षा त्यावर विंडोज १० २२एच२ च राहू द्या. नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्समध्ये नाव नोंदवलं की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे पॅच येतात. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाउ' दिसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून विंडोज बॅकअप सुरू केलं की पैसे लागत नाहीत. ती ओळ दिसत नसेल तर आधी राहिलेले सगळे अपडेट टाकून रीस्टार्ट करा. त्यानंतर, नोंदी ब्राउझरमध्ये किंवा साध्या शीटमध्ये असतील तर लिनक्स मिंट त्या लॅपटॉपवर हलकं चालेल. ते न टाकता आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. वायफाय, आवाज आणि प्रिंटर तिन्ही तपासा, मगच टाका.

अक्षरजुळणी

मिंट टाकणार असाल तर त्या नोंदी युनिकोडमध्ये आहेत का ते आधी बघा. फाइलमधला परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे मराठी दिसली तर युनिकोड. इंग्रजी अक्षरं दिसली तर तो फॉन्ट मिंटमध्येही टाकावा लागेल, किंवा आधी कन्व्हर्टरमधून काढून घ्या. कन्व्हर्ट केल्यावर रफार, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांखालून घाला, गडबड तिथेच होते. फवारणीच्या नोंदीत औषधाचं प्रमाण चुकून चालणार नाही.