मदत हवी आहे : ओल येणाऱ्या कपाटात पैठण्या कशा ठेवाव्यात?

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. बेडरूममधलं भिंतीतलं कपाट नेमकं बाथरूमच्या भिंतीला लागून आहे. पावसाळ्यात खालच्या दोन कप्प्यांत कुबट वास येतो, प्लायवर पांढरी बुरशी धरते. सासूबाईंच्या पैठण्या आणि एक जुनी नारायणपेठ आता माझ्याकडे आल्या आहेत. त्या मला मनापासून जपायच्या आहेत.

सध्या साड्या धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, सोबत वेखंडाची पुरचुंडी. डांबराच्या गोळ्या जरीजवळ नकोत, जर काळी पडते, हे माहीत आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्याही नाहीत, आत दमटपणा कोंडतो. घड्या मधूनमधून बदलते. तरी एका साडीच्या पदरावर, मोराच्या मानेपाशी, जर मंद झालेली दिसतेय.

कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे कोणी वापरलेत का? त्यात पाणी साचतं, ते रेशमावर सांडलं तर काय, म्हणून धीर होत नाही. सिलिका जेल पुरेल का?

दुसरा पर्याय बेडच्या बॉक्सचा. तिथे गाद्या, रजया, पाहुण्यांची अंथरुणं आहेत. ती माळ्यावर टाकली तर जागा होईल. पण बॉक्समध्ये हवा खेळत नाही. माळा उन्हाळ्यात तापतो, म्हणून तिथे साड्या नकोतच.

कपाटाच्या मागच्या प्लायला भोकं पाडून उपयोग होतो का? की आधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंगच करून घ्यावं? भाड्याचं घर आहे, त्यामुळे मालकांशी बोलण्याआधी अनुभवी मंडळींनी सांगावं.