खाणीवरची चोपण माती : ईसी उतरला म्हणजे सुधारली का?

ढेकूळफोड्या
परवा दुसऱ्या धाग्यावर एकाने ठणकावून लिहिलं होतं की खाण बुजवून वर माती पसरली की पाऊस मीठ धुऊन नेतो, ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मातीत विरघळलेले क्षार किती त्याचं माप) उतरतो, दहा वर्षांत विषय संपला. मला हे अजिबात पटलेलं नाही. अहो खारवट वेगळी आणि चोपण वेगळी! खारवटीत विरघळलेले क्षारच जास्त, ईसी ४ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर. चोपणीत मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम जास्त, ईएसपी (कणांना चिकटलेल्या क्षारघटकांत सोडियमचा टक्का) १५ च्या पुढे. खाणीतून खोल थरांचा जो माल वर येतो त्यात बऱ्याचदा दोन्ही असतं, आणि गंमत अशी की जोवर मीठ भरपूर आहे तोवर चिकणमातीचे कण एकमेकांना धरून असतात, पाणी मुरतं. पावसाने मीठ नेलं आणि सोडियम कणांना तसंच चिकटून राहिलं की माती फुगते, विस्कटते, छिद्रं बुजतात, निचरा ठप्प. म्हणजे मीटरवरचा आकडा सुधारतोय आणि माती बिघडतेय. वर पापुद्रा असा बसतो की कोंब त्याच्या खालीच वाकडा होऊन पिवळा पडतो.

निवांत_नांगर
पुस्तकी आहे हो हे. वर चांगली माती जाड टाकली तर खालच्या चोपण मालाशी मुळांचा संबंध येतो कुठे? अमेरिकेत नॉर्थ डकोटात लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खाणींवर हेच करतात, चांगली माती आधी बाजूला काढून ठेवायची आणि नंतर वर पसरायची. १९७७ चा तिकडचा कायदा आहे, वर्षाला २६ इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तर खाणवाल्याने १० वर्षं हिरवळीची जबाबदारी घ्यायची, जास्त पाऊस असेल तर ५. उगाच नाही ठरवलं ते.

ढेकूळफोड्या
ती मुदत गवत टिकतं का हे बघायला आहे, सोडियम कुठे पोचलं हे बघायला नाही. आणि सोडियम एका जागी बसत नाही राव. खाली जास्त, वर कमी, मधे ओल, की ते हळूहळू वर सरकतं, त्यासाठी पाणी वर चढायलाही लागत नाही. चांगल्या मातीचा तळाचा थर काही वर्षांतच खराब व्हायला लागतो. पातळ थर टाकला असेल तर मग बोंबला.

निवांत_नांगर
तळाचा थर म्हटलात ना, तळाचाच! अख्खी माती नाही. वरून पाणी मुरत राहिलं तर तेच सोडियम परत खाली ढकललं जातं. जाड टाका, उतार नीट ठेवा, खोलगट जागी पाणी साचू देऊ नका. निम्मी भांडणं त्या खोलगट जागांचीच असतात, आजूबाजूचं सगळं मीठ तिथे गोळा होतं आणि लोक फोटो नेमका तिथलाच टाकतात 😄

चुनखडी
दोघांनी जिप्समचं (कॅल्शियम सल्फेटचं) नावच घेतलं नाही. जिप्समचं कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतं, सुटलेलं सोडियम सल्फेटबरोबर पाण्यातून खाली जातं. पण निचराच नसेल तर ते जाणार कुठे, गोणी टाकून फोटो काढून काही होत नाही. आणि खाणीतून निघालेल्या मालाच्या काही ढिगाऱ्यांत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) आणि चुना दोन्ही असतात, तिथे पायराइट हवेला लागून आम्ल तयार होतं, ते चुना विरघळवतं आणि जिप्सम जागच्या जागी बनतं. अशा ठिकाणी निवांतरावांचं बरोबर, थांबलेलं चालेल. चुना नसेल तर उलट नुसतं आम्ल होऊन बसेल. त्यामुळे आधी ढिगारा तपासा.

निवांत_नांगर
बघा, आलात ना माझ्या बाजूला!

ढेकूळफोड्या
अर्धेच आलेत ते. मी एवढंच म्हणतोय की ईसीबरोबर एसएआर (मातीतल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या मानाने सोडियम किती ते) पण दाखवा, आणि वेगवेगळ्या खोलीवरचा. तेही नको असेल तर मातीचा हरभऱ्याएवढा कोरडा खडा काचेच्या ग्लासात डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, ढवळू नका. नुसता फुटून खाली बसला तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरला तर कण विस्कटतायत. नळाचं पाणी घेऊ नका, त्यातल्या क्षारांनी ढग दबतो आणि पावसाचं पाणी तर जवळपास डिस्टिल्डच.

निवांत_नांगर
खडा कुठल्या खोलीचा घ्यायचा? वरचा घेतला तर मी जिंकणार, आत्ताच सांगतो.

ढेकूळफोड्या
तळाचा. जिथे चांगली माती ढिगाऱ्याला टेकते तिथला.