रांग दिसते तेवढी रेंगाळत नाही

कुणीतरी विचारलंय की जपानमधल्या फुकुओका शहराच्या नाकासू भागात रामेनसाठी (म्हणजे रश्शातल्या नूडल्ससाठी) रांगेत ताटकळावं का. खुशाल उभे राहा, फक्त ऐन जेवणाच्या वेळी जाऊ नका. लोक पटापट खाऊन उठतात (गप्पा छाटत बसायची ही जागाच नव्हे). बऱ्याच दुकानांत आधी मशीनमधून कूपन काढायचं असतं.

हाकाता (फुकुओकाचाच एक भाग) पद्धतीच्या नूडल्स बारीक, रश्शात लगेच मऊ पडतात. म्हणून एकदम भरपूर न वाढता, संपल्यावर उरलेल्या रश्शात नुसत्या नूडल्सची भर घालतात. तिला 'काएदामा' म्हणतात. तेव्हा रस्सा आधीच पिऊन टाकू नका!

आणि शाकाहारी मंडळींनो, तो पांढुरका रस्सा डुकराची हाडं तासन् तास उकळून केलेला असतो. वरचे मांसाचे काप बाजूला काढून भागायचं नाही.