एकट्याचं पहिलं घर: मध्यवस्तीत लहान की शहराच्या टोकाला मोठं?

हिशेबनीस (धागाकर्ता)

एकाच पगारावर पहिलं घर घेणाऱ्याला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "थोडं लांब चालेल, पण मोठं घ्या, पुढे उपयोगी पडेल." माझ्या मते हा सल्ला दोन पगारांच्या घरासाठी आहे. एकट्याने वस्ती निवडताना खोल्या मोजण्याआधी सुटकेच्या वाटा मोजाव्यात. नोकरी सुटली, बदली झाली किंवा शहरच सोडावं लागलं, तर हे घर किती आठवड्यांत भाड्याने जाईल आणि किती महिन्यांत विकलं जाईल?

असं म्हणण्यामागे कर्जाचं गणित आहे. व्याज वार्षिक ९ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली, तर १०० मुद्दलामागे महिन्याचा हप्ता ०.९० येतो. पहिल्या हप्त्यातले ०.७५ व्याजातच जातात, मुद्दल फिटतं ०.१५. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलं तरी ८९ टक्के मुद्दल उभंच असतं, दहा वर्षांनी ७१ टक्के. त्यामुळे पहिल्या काही वर्षांत घर विकायची पाळी आली, तर हाती काय उरणार हे भरलेल्या हप्त्यांपेक्षा त्या वस्तीला गिऱ्हाईक किती, यावर जास्त ठरतं. दोघं कमावते असतील तर एकाचा पगार थांबल्यावर दुसऱ्याचा निदान व्याज तरी ओढतो. एकट्याला ती सोय नाही.

म्हणून माझं मत: मध्यवस्ती, किंवा मध्यवस्तीत थेट नेणाऱ्या गाडीच्या स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर. घर लहान असलं तरी चालेल.

मुद्दलराव

साफ असहमत. गणित बरोबर आहे, पण तुम्ही ते अर्ध्यावर सोडलंत. मध्यवस्ती म्हणजे त्याच क्षेत्रफळाला जास्त कर्ज. व्याजदर बदलता असेल आणि तो ९ वरून १० टक्के झाला, तर सुरुवातीच्याच टप्प्यात हप्ता साधारण ७ टक्क्यांनी वाढतो. हप्ता तोच ठेवायचा म्हटलं तर २४० महिन्यांचं कर्ज ३१४ महिन्यांवर जातं. एका टक्क्याने सहा वर्षं खाल्ली! एकट्या माणसाची सुटकेची पहिली वाट म्हणजे लहान कर्ज. पत्ता त्याच्या नंतर.

क्रम उलटा करा. हातात येणाऱ्या पगाराच्या ३० टक्के हप्ता धरा. वरच्याच दराने आणि मुदतीने कर्ज येतं मासिक पगाराच्या सुमारे ३३ पट. ४० टक्के ताणलंत तर ४४ पट, पण मग आजारपणातला एक महिनाही झेपत नाही. त्यात तुमची स्वतःची रक्कम मिळवा. मात्र त्यातून आधी तीन गोष्टी वजा करा: नोंदणी आणि कर, दलाली, आणि घर राहण्याजोगं करण्याचा खर्च. शिवाय नऊ ते बारा महिन्यांचे हप्ते आणि देखभाल खर्च बाजूला राहिला पाहिजे. उरलेल्या आकड्यात ज्या वस्त्या बसतील, त्यांतूनच निवड करायची. आधी वस्तीच्या प्रेमात पडून मग आकडे ओढूनताणून बसवणं, इथेच बहुतेक जण फसतात.

नकाशेवाली

मुद्दलराव, तुमच्या हिशेबात वेळेचा रकाना नाही. टोकाच्या वस्तीमुळे एका बाजूला ३५ मिनिटं वाढली, तर महिन्याच्या २२ कामाच्या दिवसांत २५ तासांहून जास्त वेळ जातो. दर महिन्याला तीन पूर्ण कामाचे दिवस, बिनपगारी. आणि एकट्याच्या घरात परतल्यावरची सगळी कामंही त्यालाच करायची असतात.

प्रवास मोजण्याची रीतही बहुतेकांची चुकते. जाहिरातीतलं "स्थानक ५०० मीटर" हे सरळ रेषेतलं अंतर असतं. मधे रेल्वेरूळ, नाला किंवा दुभाजक आला की तेच चालताना ९०० मीटर भरतं. दारापासून दारापर्यंत मोजा: जिना, चालणं, वाट पाहणं, गाडी, गाडी बदलणं, पुन्हा चालणं. हे किमान पाच वेळा करा, त्यातला एक दिवस पावसाचा असू द्या. सरासरी काढू नका, दुसऱ्या क्रमांकाचा वाईट दिवस धरा. रोज घरातून किती वाजता निघायचं हे तोच दिवस ठरवतो.

टोकाकडचा

आज जिथे नोकरी आहे, तिथून मोजलेला प्रवास २० वर्षांच्या घराला लावायचा? नोकरी बदलली की हा सगळा हिशेब पाण्यात. चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं होतं की माणसं दिवसाला साधारण एक तास प्रवासाला देतात आणि वाहनं वेगवान झाली की शहरंच पसरतात. म्हणजे आजचं टोक उद्या टोक राहत नाही.

नकाशेवाली

मार्केटी सरासरीबद्दल बोलतात, तुमच्या सकाळच्या गाडीबद्दल नाही. नोकरी बदलण्याचा मुद्दा मात्र मान्य. म्हणून एका कार्यालयाजवळ घर घेण्यापेक्षा दोन मार्ग मिळतात त्या स्थानकाजवळ घ्यावं. नकाशावर कामाच्या ठिकाणांचे तीन-चार पट्टे काढा, त्यांतले किती पट्टे एकदाच गाडी बदलून ५० मिनिटांत गाठता येतात ते पाहा. एकच पट्टा गाठता येत असेल तर वस्ती स्वस्त का आहे याचं उत्तर मिळालं.

आणि आखलेल्या मार्गावर पैसे लावू नका. धावत असलेली गाडी हिशेबात धरा. जिचं काम सुरू आहे, ती म्हणजे सध्या तरी खणलेला रस्ता.

गल्लीबोळ

तुम्ही सगळे "वस्ती, वस्ती" करताय, पण वस्ती गल्लीगणिक बदलते. त्यामुळे मध्य की टोक हा वाद मला निम्मा फोल वाटतो. एकाच वस्तीतल्या दोन घरांत जो फरक पडतो, तो बघण्याच्या काही गोष्टी सांगतो.

आवाज. वाहत्या रस्त्यापासूनचं अंतर दुप्पट केलं तरी आवाज सुमारे ३ डेसिबलच उतरतो, कानाला तो फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबल उतरावे लागतात. म्हणून "रस्त्यापासून जरा आत आहे" याला फारसा अर्थ नाही. मधे इमारतींची सलग ओळ आहे का, ते विचारा. वरच्या मजल्यावर आवाज येत नाही हाही गैरसमज. आडोशाच्या भिंतीवरून तो थेट वर पोचतो. झोपायच्या खोलीची खिडकी कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहा, दिवाणखान्याची नंतर.

पाणी. मोठ्या पावसानंतर दोन तासांत जा. गल्लीचा सर्वांत खोल बिंदू शोधा आणि इमारत त्याच्या किती वर आहे ते बघा. कोरड्या दिवसातही खुणा सापडतात: भिंतीवर एकाच उंचीला गेलेली डागाची आडवी रेघ, नंतर बांधलेले उंच उंबरे, वर हलवलेली वीजमीटरची पेटी. आणखी एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. डांबराचे थर चढून रस्ता तळमजल्याच्या वर गेलेला असेल, तर पाणी उतरणार इमारतीतच. तिसऱ्या मजल्यावर घर असलं तरी पंप, लिफ्टची यंत्रणा आणि तुमचं वाहन खालीच असतं.

रात्र. स्थानकावरून शेवटच्या तासाला चालत या. दिवे किती यापेक्षा उघडी दुकानं आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या खिडक्या किती ते मोजा. गोदामाची २०० मीटर लांब भिंत दिव्यांनी उजळली तरी ओसाडच वाटते.

हिशेबनीस

गल्लीबोळ, उत्तम प्रतिसाद. मुद्दलरावांचा क्रमही मान्य: आधी हप्ता, मग वस्ती. पण त्यातून "म्हणून टोकाला जा" हे निघत नाही. "म्हणून लहान घ्या" हेही निघू शकतं.

गिऱ्हाईक किती हे दलालाला विचारू नका, स्वतः मोजा. त्या परिसरातल्या तशाच आकाराच्या भाड्याच्या आणि विक्रीच्या जाहिराती एका तक्त्यात उतरवा आणि आठ आठवडे दर रविवारी पाहा. कुठली गायब झाली, कुठली तशीच आहे, कुठल्या जाहिरातीतली किंमत खाली आली? गायब झालेली प्रत्येक विकली गेली असं नाही. पण निम्म्याहून जास्त आठव्या आठवड्यातही तशाच असतील, तर तुमचंही घर तसंच पडून राहील. जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा, त्यामुळे व्यवहाराच्या नोंदी जिथे पाहता येतात तिथे त्याच पाहाव्यात.

मुद्दलराव

लहान घ्यायचं तर किती लहान, तेही सांगा. एकाच खोलीचं घर पुढे विकत घेणार कोण? दुसरा एकटाच, किंवा भाड्यावर डोळा असलेला. दार लावता येईल अशी वेगळी झोपायची खोली असली की जोडपंही गिऱ्हाईक होतं. आणि सोसायटीच्या नियमांत भाड्याने देण्यावर बंधन असेल तर तुमची सुटकेची वाट कागदावरच राहिली. नियमांची प्रत विसार देण्याआधी मागा.

जुन्या मध्यवस्तीतल्या लहान इमारतीबद्दलही सावध राहा. लिफ्ट बदलायची झाली की खर्च आठ घरांत वाटला जातो, साठ घरांच्या इमारतीत साठांत. दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे आणि गेल्या तीन वर्षांत कोणती मोठी कामं झाली, हे विचारा. निधी रिकामा असेल तर ते किमतीतून वळतं करून घ्या.

टोकाकडचा

नव्या इमारतीत निदान ही कटकट नसते. निधीही नवा, लिफ्टही नवी.

गल्लीबोळ

नव्या इमारतीच्या शेजारचा मोकळा भूखंड पाहिलात का? विकास आराखड्यात त्यावर काय लिहिलंय ते बघून या. उद्यान असेल तर ठीक. निवासी असेल तर आज खिडकीतून दिसणारं आकाश किमतीत धरू नका, आणि तिथे काम सुरू झालं की दोन-तीन वर्षं धूळ आणि खडखडाट गृहीत धरा.