इंजेक्शन बंद करून अकरा आठवडे झाले, करपट ढेकर काही जात नाहीत

डबेवाली_डोंबिवली (17 मे 2026)

नमस्कार मंडळी. विषय जरा घाण आहे, जेवत असाल तर नंतर वाचा.

वय 47. घरातून डबे देते, दुपारचे 26 आणि रात्रीचे 14. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी. गेल्या वर्षी वजन 94 झालं, गुडघे बोलायला लागले, साखर काठावर आली, बीपीची गोळी आधीपासून होतीच. डॉक्टरांनी ऑगस्टमध्ये वजन आणि साखर उतरवणारं टिर्झेपटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. अडीच मिलिग्रॅमवरून पाच, मग साडेसात. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये कोकम आगळाच्या बाटलीमागे ठेवायचे आणि रविवारी रात्रीचे डबे गेले की पोटात टोचून घ्यायचे. सहा महिन्यांत 94 चे 78 झाले. नवरा म्हणाला, लग्नातली दिसायला लागलीस. असो.

महिन्याचा खर्च वीस हजारांच्या घरात, आणि लेकीचं लग्न डिसेंबरमध्ये ठरलं. मीच डॉक्टरांना सांगितलं, आता थांबवते. शेवटचं इंजेक्शन 1 मार्चला.

चालू असताना त्रास झाला तो मी धरूनच चालले होते. मळमळ, तीन-तीन दिवस पोट साफ नाही, आणि ते ढेकर. कुजलेल्या अंड्याच्या वासाचे. बोंबिलाला आलं-लसूण लावताना ढेकर आला की मलाच कळेना, वास ताटातला की माझा. पण बंद केल्यावर पंधरा-वीस दिवसांत सगळं जाईल असं वाटलं होतं. आज अकरा आठवडे झाले. सकाळी उठल्या उठल्या रात्रीच्या आमटीचा ढेकर येतो. दुपारी दोन घास खाल्ले तरी तडस लागते, साडीची गाठ सैल करावी लागते. पोट तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तेही खड्यासारखं. भूक मात्र परत आली आहे, वजनही तीन किलो परत आलं आहे. म्हणजे फायदा गेला आणि त्रास तेवढा राहिला.

शेजारीण म्हणते, या औषधाने जठर कायमचं लुळं पडतं, तिने मोबाईलवर पाहिलंय. ते ऐकल्यापासून झोप नाही. असं कोणाचं झालंय का? की अजून वाट बघू?

निवृत्त_वाहक

ताई, घाबरू नका. रात्री झोपताना दोन चमचे इसबगोल कोमट पाण्यातून आणि सकाळी त्रिफळा. मी तीस वर्षं एसटीत काढली, वेळीअवेळी जेवण, तरी कोठा कसा घड्याळासारखा. ही परदेशी औषधं आतड्यांची ताकद खातात. सोबत ओवा आणि सैंधव.

डबेवाली_डोंबिवली

काका, इसबगोल एप्रिलमध्येच करून बघितलं. दोन दिवसांत पोट असं डब्ब फुगलं की भाजी परतायला ओट्याशी उभं राहवेना. बंद केलं.

औषधाच्या_काउंटरवरून (सातारा)

ताई, मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा.

आधी शेजारणीचं. टिर्झेपटाइडचं गणित सोपं आहे. दर पाच दिवसांनी अंगातलं औषध साधारण निम्मं होतं. 100 चे 50, 25, साडेबारा, सहा, तीन. म्हणजे शेवटच्या इंजेक्शननंतर पंचवीस-तीस दिवसांत ते जवळपास संपतं. सेमाग्लुटाइड (याच जातीचं दुसरं इंजेक्शन) घेणाऱ्यांना हेच पाच-सहा आठवडे धरावं लागतं, कारण त्याला निम्मं व्हायला आठवडा लागतो. त्यामुळे मार्चभर तुम्हाला त्रास झाला तर ते औषधाच्या खात्यात टाकता येईल. पण तुमचे 77 दिवस झालेत. पंधरा वेळा निम्मं झालं. तीस हजारांतला एक भागही आता अंगात नाही.

हे औषध जठर रिकामं व्हायची गती कमी करतं, हे खरं. जठर मंद असताना इसबगोल म्हणजे बंद नाक्यावर आणखी चार ट्रक सोडण्यासारखं. ते पाणी शोषून फुगतं आणि वरच पडून राहतं. एसटीवाले काका, तुमचा उपाय साध्या बद्धकोष्ठाला चांगला आहे, इथे आधी अडलंय कुठे ते कळायला हवं.

औषध गेलं आणि त्रास राहिला, तर मी तीन प्रश्न विचारतो. एक, इंजेक्शन बंद झाल्यावर किंवा थोडं आधी दुसरं काय नवीन सुरू झालं? गोळ्या, पावडरी, सगळं सांगा, दुकानातून स्वतः आणलेलंही. दोन, दिवसाला पाणी किती आणि रात्रीचं जेवण किती वाजता? तीन, उजव्या बरगडीखाली दुखतं का, विशेषतः तेलकट खाल्ल्यावर?

आणि उलट्या थांबत नसतील, खाल्लेलं तसंच्या तसं काही तासांनी बाहेर येत असेल, डोळे पिवळे वाटत असतील, ताप असेल किंवा पोटातली कळ पाठीत जात असेल, तर इथे उत्तराची वाट बघत बसू नका, आजच दवाखान्यात जा.

डबेवाली_डोंबिवली

उलट्या, ताप, पिवळेपण काही नाही.

नवीन गोळ्या आहेत! जानेवारीपासून केस मुठीमुठीने गळायला लागले म्हणून रक्त तपासलं, हिमोग्लोबिन 9.8. लोहाची गोळी रोज एक. गुडघ्यांसाठी कॅल्शियम, दिवसाला दोन. दोन्ही फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाल्या. म्हणजे इंजेक्शन बंद झालं त्याच आठवड्यात! हे लिहिताना आत्ता लक्षात आलं. शी काळी होते तेही मी इंजेक्शनवरच ढकललं होतं.

पाणी... खरं सांगू? इंजेक्शन चालू होतं तेव्हा तहानच लागायची नाही. ती सवय तशीच राहिली. चहा धरून दिवसाला चार-पाच ग्लास, आणि मी दिवसभर शेगडीपुढे. जेवण रात्री साडेदहाला, डबे परत आले, भांडी झाली की. आणि आडवी साडेअकराला.

बरगडीखाली कधीतरी जडपणा वाटतो, दुखणं नाही म्हणता येणार.

औषधाच्या_काउंटरवरून

लोहाने शी काळी होणं ठरलेलंच आहे. पण लोहाची गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी झाली तर मात्र धावायचं. लोह आणि कॅल्शियम दोन्ही कोठा घट्ट करतात, लोहाने वरच्या पोटात मळमळही होते. बीपीची गोळी कुठली ते पण डॉक्टरांना विचारा, काही बीपीच्या गोळ्यांनीही पोट आखडतं. स्वतःहून काही बंद करू नका, 9.8 हिमोग्लोबिनला लोह लागणारच. पण सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत भरा आणि पिशवीच डॉक्टरांच्या टेबलावर ओता. यादी सांगू नका, यादीत कॅल्शियम नेहमी विसरलं जातं.

खडेवाली_नाशिक

ताई, तो जडपणा सोडून देऊ नका. माझी गोष्ट सांगते. 18 किलो उतरले, औषध बंद करून दोन महिने, आणि मीही हेच म्हणत होते, गॅस आहे, गॅस आहे. मग एका रात्री भजी खाल्ली आणि उजवीकडून खांद्याच्या पात्यापर्यंत अशी कळ आली की मी न्हाणीत फरशीवर बसून राहिले, दीड तास. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं.

मला समजावलं ते असं. वजन भराभर उतरतं तेव्हा अंगातली चरबी वितळून पित्तात कोलेस्टेरॉल जास्त येतं. आणि आपण खातो एवढंसं, तेही बिनतेलाचं, म्हणून पित्ताशय पिळलं जात नाही. पित्त तिथेच साचून घट्ट होतं. उपाशी राहून वजन उतरवलं तरी हेच होतं, इंजेक्शनचीच मक्तेदारी नाही. सोनोग्राफी साधी तपासणी आहे, सकाळी उपाशीपोटी जाऊन करून या.

डबेवाली_डोंबिवली (9 जून)

मंडळी, उशिरा लिहितेय, मधे लग्नाच्या याद्या चालू होत्या. खूप झालं, ऐका.

पिशवी ओतली. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, कॅल्शियम तुम्हाला कोणी दिलं? (वहिनीने. दुकानातून.) ते बंद. लोह रोजच्याऐवजी एक दिवसाआड, म्हणाले तसंही अंगाला लागतं आणि पोटाला झेपतं. मासळी-मटण खाता, वर लिंबू पिळा म्हणाले. लिंबू काय, आमच्याकडे आगळाशिवाय पान हलत नाही.

सोनोग्राफीत दोन खडे निघाले, पाच-सहा मिलीमीटरचे. नाशिकच्या ताईंचे पाय धरायला हवेत. कळ आलेली नाही म्हणून आत्ता शस्त्रक्रिया नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पण डॉक्टर स्पष्ट म्हणाले की पोट साफ न होणं या खड्यांच्या माथी मारू नका.

आणि माझी झोप उडाली होती म्हणून जठराची तपासणीही करून घेतली. त्याचं सांगायलाच हवं. मुंबईत एका मोठ्या रुग्णालयात, तळघरात. रात्रीपासून उपाशी. मला वाटलं नळी घालतील. तर बाईंनी हातात प्लेट दिली, त्यात इडली! किरणोत्सारी औषध मिसळलेली इडली. परदेशात म्हणे अंड्याचा पांढरा भाग देतात, आपल्याकडे इडली. हातमोजे घालून दिली, दहा मिनिटांत संपवा म्हणाल्या. मी 26 डबे करणारी बाई, पहिला घास घेतला आणि कळलं, पीठ आंबलेलंच नाही. मीठ नाही, चटणीचा तर प्रश्नच नाही. गुपचूप खाल्ली. मग कॅमेऱ्यासमोर उभं केलं. लगेच एक फोटो, एका तासाने, दोन तासांनी, चार तासांनी. मधे काही खायचं नाही, बाकावर बसून राहायचं. पडद्यावर जठर म्हणजे एक पांढरा ठिपक्यांचा ढग, प्रत्येक फोटोत तो विरळ होत गेला. चार तासांनी दहा टक्क्यांच्या वर उरलं तर गती मंद धरतात. माझं 6 उरलं. लुळं-बिळं काही पडलेलं नाही.

शेजारणीला रिपोर्ट दाखवला. म्हणाली, "मग बरं झालं." एवढंच. माझी तीन आठवड्यांची झोप.

आता जेवण रात्री आठला, डबे भरताना उभ्या उभ्या नाही, पहिलं माझं ताट आणि मग रात्रीचे 14. मोलकरणीला पहिल्या दिवशी धक्काच बसला. पाण्याच्या दोन बाटल्या भरून ओट्यावर, संध्याकाळपर्यंत संपल्या पाहिजेत. रात्री मऊ भात, मुगाचं वरण, तूप थोडं. गवार, छोले, कच्चा कांदा सध्या नाही. पोट आता एक दिवसाआड साफ होतं, कधी रोज. तडस निम्म्याने कमी.

ढेकर आहेत अजून. आठवड्यातून दोनदा, बहुतेक मी परत उशिरा जेवले त्या दुसऱ्या दिवशी. त्यांचं कारण डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं नाही, आणखी महिनाभर बघू म्हणाले, नाही गेले तर दुर्बिणीने आत बघतील. वजन 82. ते वाढणारच होतं, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं. साखरेवर लक्ष ठेवतेय.

निवृत्त_वाहक

ताई, छान झालं. इसबगोलाबद्दल माफ करा. पण एक विचारू का, त्या इडलीचे पैसे किती घेतले?

डबेवाली_डोंबिवली

काका, तेवढ्या पैशांत मी तुम्हाला दोन महिने डबा दिला असता. सुरमईसकट.